जुनी वही संपेपर्यंत

दात घासायचा ब्रश ते खाली कामाच्या खोलीत ठेवायचे. खळीच्या ब्रशांच्याच बरणीत.

जिना चढताना तिसऱ्या पायरीवर खाकरायचे. वरचं दार सताड उघडं असलं तरी टकटक करायचे.

पुस्तक हातात आलं की आधी त्याची पाठ बघायचे. नाव नंतर. कधीकधी नाव बघायचेच नाहीत.

सुईत दोरा ओवताना तोंड उघडं राहायचं. दोरा गेला की तोंड मिटायचं.

चहा दोन घोटांत संपवायचे, कप खिडकीत ठेवायचे आणि तिसरा घोट असेल म्हणून पुन्हा उचलून बघायचे.

ताईला चारचौघांत ‘वरच्या बाई’ म्हणायचे. चारचौघं नसतानाही तेच म्हणायचे.

यातलं स्वभावातलं किती आणि वकीलबाईंनी शिकवलेलं किती, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं.

ते पुस्तकं बांधायचे. गल्लीत त्यांना सगळे ‘बाइंडर’च म्हणत. मी काका म्हणायचे. चार वर्षांपूर्वी एम.ए.चा प्रबंध बांधून घ्यायला गेले होते. त्यांनी गठ्ठा उलटा केला, कडेवरून अंगठा फिरवला.

“डावीकडे समास सोडला नाहीस. शिवलं की अर्धे शब्द आत जाणार.”

“मग आता?”

“आता काय. ज्याला गरज असेल तो वाकून वाचेल.”

दोन दिवसांनी गेले तेव्हा प्रबंध तयार होता. मी विचारलं, वाचलात का. म्हणाले, “सत्तेचाळिसावं पान वाचलं. उलटं लागलं होतं.” तेव्हापासून माझं नाव ‘एम.ए.’ पडलं. दोन गल्ल्या सोडून एका छापखान्यात मी मुद्रितं तपासते. काम सुटलं की त्यांच्याकडे जायचे. खिडकीखाली एक स्टूल होतं. त्याच्यावरचे पुठ्ठे ते माझ्यासाठी उचलून ठेवायचे. त्याला ते पाहुणचार म्हणायचे.

वरच्या खोलीत ताई राहायची. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. माणूस समोर आला की ती आधी त्याचं नाक बघायची, मग दोन्ही कान एका पातळीत आहेत का ते. काकांचा डावा कान खाली आहे, हे तिने मला पहिल्याच भेटीत सांगितलं. काकांचा चष्मा तिनेच बसवलेला. त्याची डावी दांडी तिने थोडी वाकवून दिली होती. त्यांच्या नाकावर तो कधी घसरला नाही.

एकदा ती म्हणाली, “मला ताई म्हणतेस आणि यांना काका. मग आमचं एकमेकांशी नातं काय लागलं गं?”

“भाडेकरू आणि घरमालक,” काका सुईवरून नजर न काढता म्हणाले. दोघं हसले. मीही हसले. मला विनोद कळला नव्हता.

तो मला नंतर कळला, तिच्या दुकानात, दुपारी, गिऱ्हाईक नसताना. ताईने काच घासण्याचं यंत्र बंद केलं आणि सांगितलं. सांगताना ती एक फ्रेम पुसत होती.

तिचं पहिलं लग्न मोडलं तेव्हा मुलगी सात वर्षांची होती. न्यायालयाने मुलीचा ताबा ताईला दिला. निकालात शेवटी एक ओळ होती. आईने पुनर्विवाह केल्यास ताब्याचा नव्याने विचार होईल. पहिला नवरा त्या एका ओळीवर डोळा ठेवून बसला होता. त्याला मुलगी हवी होती असं नाही, ताई म्हणाली. ताईकडे ती राहायला नको होती.

काका आणि ताईची ओळख तोवर झालेली होती. लग्न करायचंही ठरलेलं होतं. ती दोघं वकीलबाईंकडे गेली.

वकीलबाई म्हणाल्या, “लग्न केलंत की कागद तयार होतो. त्या कागदाची नक्कल घेऊन तो दुसऱ्या दिवशी अर्ज टाकेल. नुसते राहिलात तर त्याला सिद्ध करावं लागेल. तेव्हा सिद्ध होईल असं घरात काही ठेवू नका.”

“म्हणजे काय ठेवू नका?” काकांनी विचारलं.

“एका ग्लासात दोन ब्रश. एका पलंगावर दोन उशा. आणि भाडेकरार करा. दर वर्षी नवा.”

मग त्यांनी तिथेच तालीम घेतली.

“कोणी विचारलं, तुम्ही कोण?”

“वरची भाडेकरू,” ताई म्हणाली.

“आणि हे?”

“घरमालक.”

“हसायचं नाही. पुन्हा. तुम्ही कोण?”

“वरची भाडेकरू.”

“‘अहो’ म्हणून हाक मारायची नाही. शेजारीपाजारी तेच आधी ऐकतात.”

म्हणून ती त्यांना ‘बाइंडर’ म्हणायला लागली. वर्षातून दोनदा न्यायालयाकडून एक बाई न सांगता घर बघायला यायच्या. उशा मोजायच्या. दाराशी चपला बघायच्या. शाळेत मुलीने घराचं चित्र काढलं, दोन मजल्यांचं, वर दोघी, खाली एक माणूस. शिक्षिकेने विचारलं, हे कोण. आठ वर्षांची पोर म्हणाली, घरमालक. तिला ते कोणी शिकवलं नव्हतं. घरात ऐकून ऐकून पाठ झालेलं.

असे अकरा करार झाले. ताई ते सांगून झाल्यावर म्हणाली, “लोकांना वाटतं आम्ही फार पुढारलेले. लिव्ह-इन का काय ते. अगं, आम्हाला साधं लग्न करायचं होतं.” आणि तिने यंत्र पुन्हा सुरू केलं.

गेल्या वर्षाच्या शेवटी मुलगी अठराची झाली. ती आता दुसऱ्या शहरात वसतिगृहात राहून शिकते. वाढदिवसाला आली तेव्हा दोघांना खाली कामाच्या खोलीत बसवलं. मी स्टुलावर होतेच.

“माझ्यासाठी केलं नाहीत ना लग्न? मग आता माझ्यासाठी करा.”

“आता कशाला?” काका म्हणाले. “सवय झाली. भाडेकरू बरी आहे. खिळे ठोकत नाही.”

“बाइंडर, हसण्यावारी नेऊ नका. मी वकीलबाईंना विचारून आलेय. उद्या तुम्हाला काही झालं तर आई तुमची कोणीही नाही. दवाखान्यात नाही, घरात नाही. सगळं तुमच्या मोठ्या भावाकडे आणि बहिणींकडे जाणार. आईकडे काय आहे? भाडेकरार.”

काका त्या भावाशी पंधरा वर्षं बोलले नव्हते. का, ते त्यांनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ते थोडा वेळ हाडाच्या पट्टीने एक घडी दाबत राहिले. घडी आधीच बसलेली होती.

“बरं,” ते म्हणाले. “वरच्या बाई, तुमचं काय म्हणणं?”

“विचार करून सांगते,” ताई म्हणाली. मग म्हणाली, “केला.”

पुढच्या आठवड्यात त्यांनी नोंदणी कार्यालयात नोटीस दिली. ती तीस दिवस फळ्यावर लागते. कोणी हरकत घेतली नाही की नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत कधीही जाऊन सही करायची. मी फळ्याजवळ जाऊन बघून आले. त्यांची नावं, वयं, धंदे. पत्ता दोघांचा एकच होता. तिच्या पत्त्यापुढे ‘वरचा मजला’ लिहिलेलं होतं.

तीस दिवस संपले. हरकत आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन सही करता आली असती.

पण काकांनी जुनी वही पाहिली.

कार्यालयात आता सगळं संगणकावर आहे, पण सह्या अजून वहीतच होतात. एका लग्नाला एक पान. या वह्या पूर्वी काकाच शिवायचे. मधे कार्यालयाने काम दुसरीकडे दिलं. त्या लोकांनी वह्या शिवल्या नाहीत, नुसत्या चिकटवल्या. वर्षभरात पानं सुटायला लागली. कारकुनाने वहीला रबर लावून ठेवलं होतं. त्यातलं एक पान कुठेसं गेलं, एका जोडप्याला नक्कल मिळेना, बोंबाबोंब झाली, तेव्हा नवी वही पुन्हा काकांकडे आली होती. तिचे फर्मे, म्हणजे एकात एक घालून घडी केलेल्या कागदांचे जुडगे, त्यांच्या टेबलावर रचून ठेवलेले होते.

“चिकटवलेल्या वहीत मी सही करणार नाही,” काका म्हणाले.

“मग नवीत करा,” कारकून म्हणाला. “पण जुनी संपल्याशिवाय नवी उघडत नाही. तसा नियमच आहे.”

“किती पानं राहिली?”

कारकुनाने रबर काढून मोजली. “एकतीस. महिनाभर धरा. हल्ली लोक लग्नं तरी कुठे करतात.” मग मान हलवून म्हणाला, “उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, हे ऐकलं होतं. हा नवरा वही शिवत बसणार म्हणतोय.”

मी ताईकडे बघितलं. तिने रागवावं असं मला वाटलं. ती हसत होती.

“अकरा वर्षं थांबले,” ती म्हणाली. “एकतीस पानांनी काय होतंय? निदान पान तरी सुटणार नाही.”

“पहिलं पान आपलं,” काका म्हणाले.

“पहिलं पानसुद्धा सुटतं हं, बाइंडर. मी पाहिलंय.”

“मी शिवलेलं सुटत नाही.”

मी तेव्हा काही बोलले नाही. मला ते आवडलं होतं. छान वाटलं होतं. मला हे लिहून ठेवायला हवं की मला ते छान वाटलं होतं.

त्यानंतर काका रोज थोडी थोडी वही शिवायचे. इतर कामं बाजूला राहिली. लाकडी चौकटीत तीन कापडी पट्ट्या ताणून उभ्या केलेल्या. एक फर्मा ठेवायचा, घडीतून सुई आत, पट्टीला वळसा, सुई बाहेर. दोरा मेणावर ओढायचा. मग दुसरा फर्मा. कारकून जाता-येता खिडकीतून ओरडायचा, “सव्वीस!” “एकोणीस!” काका आतून हात हलवायचे. एकदा ताईने त्या चौकटीसमोर उभं राहून, सराव म्हणून, “अहो” म्हटलं. काकांनी मागे वळून बघितलं, कोणाला बोलावतेय म्हणून. मग दोघं इतकी हसली की ताईला जिन्यात बसावं लागलं.

कारकून “नऊ” ओरडून गेला त्या दिवशी दुपारी काका पडले.

मी तिथे नव्हते. शेजारच्या कुलूपवाल्याने आवाज ऐकला. ताई दुकानातून, मी छापखान्यातून, दोघी दवाखान्यात एकाच वेळी पोचलो. तिच्या एप्रनवर काचेची पांढरी भुकटी होती.

मेंदूत रक्तस्राव झाला होता. आत उपचार सुरू झाले होते. शस्त्रक्रिया करायची तर सही हवी होती. खिडकीतल्या बाईने फॉर्म पुढे सरकवला. ती वाईट बोलली नाही. आमच्यामागे रांग होती.

“तुम्ही कोण त्यांच्या?”

“वरची भाडेकरू,” ताई म्हणाली.

ती लगेच म्हणाली. विचार न करता. अकरा वर्षं जसं म्हणत होती तसं, आवाज हलू न देता.

खिडकीतल्या बाईने फॉर्म परत ओढून घेतला. “नातेवाईक कोणी?”

ताईचा हात अजून काउंटरवर होता. ती माझ्याकडे वळली. तिने काय म्हटलं ते तिलाच तेव्हा ऐकू आलं असावं.

“मी त्यांची...” ती म्हणाली. पुढचा शब्द तिच्याकडे नव्हता. मी म्हणाले, यांचं लग्न होणार आहे. नोटीस लागलीये. मुदत संपलीये. फक्त वही... मी वहीचं सांगायला लागले. खिडकीतल्या बाईने पूर्ण ऐकून घेतलं.

“म्हणजे झालेलं नाही,” ती म्हणाली.

“नाही.”

“मग नातेवाईकाला फोन करा.”

काकांच्या फोनमधून नंबर काढून फोन मीच केला. ते पडलेत एवढंच सांगितलं. मोठे भाऊ चार तासांनी आले. लांब राहतात. उंच, सावकाश चालणारे, काकांसारखाच डावा कान खाली. त्यांनी फॉर्मवर सही केली. ‘नातं’ या रकान्यात ‘भाऊ’ लिहिलं. चार तास आधी सही झाली असती तर काही फरक पडला असता का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, बहुधा नाही. त्यांनी ‘बहुधा’ म्हटलं.

दोन दिवस ताई भेटीच्या वेळेत आत जायची. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास. इतर पाहुण्यांसारखी. भाऊ आत बसू शकत होते. त्यांनी ताईला कधी अडवलं नाही. खुर्चीही दिली. ताई काकांच्या कानाशी वाकायची. गोष्टीत असतं तर ती तेव्हा ‘अहो’ म्हणाली असती. ती “बाइंडर” म्हणाली. “ओ बाइंडर.” दोनदा.

तिसऱ्या दिवशी पहाटे ते गेले. दवाखान्याने भावाला फोन केला. ताईला सकाळी भेटीच्या वेळी कळलं.

मग जे असतं ते झालं. मुलगी आली. ती मोठ्याने रडली. मला रडू आलं नाही, अजून आलेलं नाही. छापखान्यात मी रोज जाते. चुका दिसतात, दुरुस्त करते.

आठवड्याने भाऊ घरी आले. कामाची खोली उघडून मधे उभे राहिले, कुठे हात लावावा ते न कळल्यासारखे. ताई जिन्यातून खाली आली. मुलगी आणि मी दाराशी होतो.

“तुम्ही वर भाडेकरू ना?” भाऊ म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच माहीत नव्हतं. काकांनी पंधरा वर्षांत त्यांना काही कळवलं नव्हतं आणि दवाखान्यात ताईच्या भेटीच्या पासवर तसंच लिहिलं होतं.

“आई भाडेकरू नाहीये,” मुलगी त्यांना म्हणाली. “ते तसं फक्त कागदावर.”

“कागदावर म्हणजे?”

ताईने कपाट उघडलं. खालच्या कप्प्यातून एक पुस्तक काढलं. निळी कापडी पाठ, कोपऱ्यांना कातडं. काकांनी अकरा भाडेकरार एकत्र बांधले होते. तिने ते भावाच्या हातात दिलं.

“आम्हा दोघांच्या सह्या एकत्र आहेत त्या एवढ्याच,” ती म्हणाली.

भावाने एकेक पान उलटलं. सगळे अकरा. मग चष्मा काढला आणि पुसला.

“काम छान करायचा तो,” ते म्हणाले. “लहानपणी माझ्या वह्या तोच शिवायचा.” मग चष्मा पुन्हा लावून म्हणाले, “हे बघा, मी काही उद्या या म्हणणार नाही. पण घर आता फक्त माझं नाही, माझ्या बहिणी आहेत, त्यांची मुलं आहेत. कराराची मुदत आहे तोवर तुम्ही राहा. त्यानंतर मला त्यांना उत्तर द्यावं लागेल.”

“मुदत कधीपर्यंत आहे, आई?” मुलीने विचारलं.

“या वर्षी केलाच नाही,” ताई म्हणाली. “लग्न करणार होतो ना.”

भाऊ पुस्तक बंद करून टेबलावर ठेवणार होते, टेबलावर जागा नव्हती, म्हणून त्यांनी ते ताईला परत दिलं. वाटण्या होईपर्यंत खालची खोली बंद ठेवायची असं ठरलं. जाताना त्यांनी कुलूप लावलं आणि किल्ली ताईसमोर खिशात घातली. मग काहीतरी आठवल्यासारखं करून म्हणाले, “आतलं काही तुमचं असेल तर सांगा.” ताईने मानेने नाही म्हटलं. खळीच्या बरणीतला दातांचा ब्रश तिला नंतर आठवला.

काल कारकून आला. जुनी वही संपली होती. शेवटच्या पानावर कोणा दोघांनी सह्या केल्या आणि त्याने रबर चढवून ती फडताळात ठेवली. नवी वही न्यायला तो एका दुसऱ्या बाइंडरला बरोबर घेऊन आला होता. खोलीला कुलूप होतं. मी तिथेच होते. आम्ही तिघं खिडकीशी उभे राहून आत बघत होतो. त्या बाइंडरने काचेला कपाळ टेकवलं.

“उरलेली तुम्ही पुरी कराल ना?” कारकुनाने विचारलं.

“छे. दुसऱ्याच्या शिलाईत मला हात घालता येत नाही. दोऱ्याचा ताण ज्याचा त्याचा असतो. कुलूप निघालं की द्या, उसवून पहिल्यापासून शिवतो.”

“तोवर मी सह्या कशावर घेऊ?”

“सुट्या कागदांवर घ्या. नंतर चिकटवून देतो.”

कारकुनाने माझ्याकडे बघितलं आणि नजर वळवली. दोघं गेले.

मी आजही छापखान्यातून परतताना तिथे थांबले. खिडकीत चहाचा कप आहे. चौकटीत तीन पट्ट्या ताणलेल्या आहेत. एकूण चौदा फर्मे. नऊ शिवून झालेत. दहावा त्यांच्यावर ठेवलेला आहे, घडी थोडी उघडी, आणि सुई अर्धी आत, अर्धी बाहेर आहे.